कॅमेऱ्यात राहिलेल्या सासूबाई

कॅमेऱ्याचं मागचं झाकण मी उघडलं ते भर दुपारी, गॅलरीच्या दारात, ऊन अंगावर घेत. आत रोल आहे की नाही हे बघण्यासाठी. रोल होता.

ज्यांनी रोलचे कॅमेरे कधी हाताळले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. न धुतलेल्या रोलला उजेड दिसला की त्यावरचं चित्र जातं. रोल आहे का ते बघायला झाकण उघडणं म्हणजे गॅस गळतोय का ते बघायला काडी ओढणं. आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. लग्नाआधी आणि नंतरचीही काही वर्षं मी या कॅमेऱ्याशिवाय घराबाहेर पडत नव्हतो. बाथरूममध्ये अंधार करून स्वतःचे रोल स्वतः धूत होतो आणि मित्रांना त्यावर व्याख्यानं देत होतो. पुढं नोकरीतली बढती आली, पोरीची शाळा आली, मोबाइल आला. कॅमेरा माळ्यावर गेला तो यंदा घट बसायच्या आधीच्या साफसफाईत खाली आला. खटका ओढला, झाकण उघडलं, आतली तपकिरी पट्टी उन्हात चकाकली आणि मी "आयला!" म्हणून झाकण परत दाबलं.

बायको आत माळ्याखाली अजून स्टूल धरून उभी होती. "काय झालं? विंचू हाय काय आत?"

"रोल आहे. शेवटचा. धुवायचा राहिलेला."

तिनं हातातलं फडकं स्टुलावर ठेवलं. "मग त्यात आईचा फोटो हाय," ती म्हणाली.

सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. फोटो काढून घेण्याचा त्यांना जन्मभर तिटकारा. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर जायचा, नाहीतर त्या सरळ उठून गोठ्यात जायच्या. पेठ वडगावला माझ्या मेव्हण्याच्या घरात त्यांचा जो फोटो हार घालून लावलाय, तो मतदान कार्डावरून मोठा केलेला. त्यात त्या अशा बघतात की समोर आपण नसून जमिनीची मोजणी करायला आलेला माणूस उभा आहे. मेव्हण्यानं नवं घर बांधलं होतं, दिवाळीनंतर वास्तुशांत होती, आणि हॉलमध्ये लावायला तोच फोटो आणखी मोठा करून घ्यायचं चाललं होतं. बायकोला तो सहन होत नव्हता. "ती आमची आई न्हवं, ती मतदार हाय," असं ती म्हणायची. एकच फोटो चांगला निघाला असणार, तो मी काढलेला, असं तिचं ठाम म्हणणं. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही घरातले सगळे जुने फोटो उपसले, पण तो मिळाला नव्हता.

आता तो कुठं होता ते कळलं. माझ्या हातात होता. नुकतंच ऊन खाल्लेला.

मी तिला तिथंच सगळं सांगून टाकलं. म्हणजे सांगणं भागच होतं, तिनं माझं "आयला" ऐकलं होतं. फोटो काढत जाल तशी पट्टी आत एका दांडीवर गुंडाळत जाते, जखमेवर पट्टी बांधावी तशी. झाकण उघडलं की वरच्या वेढ्यांना ऊन लागतं, आतले वेढे वाचतात. म्हणजे जे शेवटी काढले ते फोटो गेले, आधी काढलेले राहिले. सगळा प्रश्न एवढाच, की सासूबाई आतल्या वेढ्यात आहेत की बाहेरच्या.

"या रोलच्या शेवटाकडं पोरीचं जावळ आहे, एवढं मला आठवतंय," मी म्हणालो. "तुझ्या भावानं मांडीवर धरलं होतं तिला. आईंचा फोटो त्याच्या आधीचा असेल तर वाचला म्हणायचं."

तिचा चेहरा एकदम खुलला. "मला पक्कं आठवतंय की. आई धार काढायला बसली हुती. पोरगी माझ्या काखंत. आणि म्हशीनं मान वळवून पोरीच्या टकलावरनं जी जीभ फिरवली! आई हसून हसून मागं पडायला आली. तुम्ही कॅमेरा काढलासा तर म्हणती कशी, 'माझा कशाला पावणं, म्हशीचा काढा की!'"

ती हसत होती. मी हसलो नाही. मी विचारलं, "टकलावरून? टक्कल होतं, नक्की?"

"टक्कल नसतं तर म्हस काय चाटणार?" असं म्हणता म्हणताच ती थांबली.

टक्कल होतं म्हणजे जावळ होऊन गेलं होतं. म्हणजे सासूबाई बाहेरच्या वेढ्यात होत्या.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडं भांडण म्हणजे गल्लीला ऐकू जाणारी गोष्ट, ती एकदा झाली की चहा होतो. ती धुण्याकडं वळली. वाकळा पिळून गॅलरीच्या कठड्यावर टाकत राहिली, आणि जरा वेळानं पाठमोरीच म्हणाली, "त्याच्यानंतर काय काय काढलासा, ते आठवा."

मी ते आठवण्यात आठवडा घालवला. ऑफिसात, जेवताना, स्कूटर चालवताना. त्या फोटोनंतर मी आणखी पुष्कळ फोटो काढले असतील, तर ते वरचे वेढे होऊन उन्हात गेले असतील आणि सासूबाई त्यांच्याखाली सुरक्षित असतील. नंतर एकही काढला नसेल तर संपलं. एका सकाळी दाढी करताना आठवलं. गोठ्याच्या मागची भिंत! त्या भिंतीवर शेणी, म्हणजे गोवऱ्या, लावलेल्या असायच्या, ओळीनं, प्रत्येकीवर पाच बोटांचा ठसा. तिरपं ऊन पडलं की ते ठसे असे उठून दिसायचे की मी वेडा व्हायचो. त्या काळात मला भिंतींचं फार होतं. पोपडे, ओल, शेणी, दोऱ्यांच्या सावल्या. बायको माहेरी गेली की मला चिडवायची, "जावई आलाय म्हणून आई कोंबडं कापालीया, आणि जावई शेणी मोजालाय."

अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. "भिंत! त्यानंतर मी शेणीची भिंत काढली!"

"किती?"

तेच तर आठवत नव्हतं. एखादा काढला असेल तर उपयोग नव्हता. वेड लागल्यासारखे काढले असतील तर आशा होती. आपला नवरा तेव्हा पुरेसा वेडा होता की नाही, यावर माझ्या बायकोची सगळी भिस्त येऊन पडली होती. तिनं मला नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "असशीला. हुतासाच तसं."

आता धुणार कोण? आमच्या कसबा बावड्यातल्या स्टुडिओवाल्याकडं गेलो तर तो लग्नाच्या अल्बमवर फुलं चिकटवत होता, संगणकावर. "काका, रोल?" एवढंच तो म्हणाला, आणि आत जाऊन वडिलांना घेऊन आला, त्यांनीही नकारार्थी मान हलवावी म्हणून. मुंबईला धुऊन देणारे आहेत असं कळलं. बायको म्हणाली, "आईला कुरिअरनं पाठवायचं न्हाय." मग मीच धुवायचं ठरलं. रोल धुवायचा डबा माळ्यावर होता, औषधं मागवता येत होती. पण एवढ्या वर्षांनी पहिलाच हात सासूबाईंवर कसा टाकणार? आधी सराव हवा. सरावाला नवा रोल हवा. आणि नव्या रोलवर फोटो हवेत.

पुढचं जे झालं त्यानं घरातलं वातावरण बिघडलं.

मी सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडू लागलो. निमित्त सरावाचं. पहिल्या दिवशी लाजत बाहेर पडलो, शर्टाखाली कॅमेरा दडवून, चोरीचा माल नेल्यासारखा. साखर कारखान्याच्या रस्त्याला हंगामाची तयारी चालली होती, बैलगाड्यांची चाकं दुरुस्तीला काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. त्यांच्या सावल्या भिंतीवर पडलेल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि एक डोळा मिटला. बाकीचं जग गेलं. मोबाइलवर मी हजारो फोटो काढलेत. त्यातल्या एकासाठीही श्वास धरलेला नाही. इथं धरला. रोल मोजका असतो, फुकट घालवायचा नसतो, म्हणून आधी बघायचं. सावली जराशी सरकू द्यायची. वाट बघायची. बटण दाबल्यावरचा तो लहानसा टपकन आवाज ऐकला आणि लगेच दुसऱ्या चाकाकडं वळलो. आपल्याला हे आवडत होतं. आपल्याला हे फार आवडत होतं, आणि आपण ते जुन्या कुकरशेजारी माळ्यावर ठेवून दिलं होतं.

पहिला सरावाचा रोल मी वाया घालवला. अंधारात पट्टी डब्यातल्या चकतीवर चढवताना दोन वेढे एकमेकांना चिकटले आणि धुतल्यावर त्या जागी नुसते डाग आले. दुसरा रोल त्यातल्या त्यात बरा. तिसरा झकास निघाला. चाकं, सावल्या, घाटावरच्या पायऱ्या, हॉटेलातल्या चहाची वाफ. मी तो ओला रोल कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगला आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. वाळायची वाट न बघता चौथा रोल कॅमेऱ्यात भरला.

बायको मागून आली. तिनं दोरीवरच्या पट्टीकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडं.

"सराव झाला न्हवं?"

"आणखी एक. हात बसला पाहिजे."

"हात बसलाय. तुम्हास्नी मजा यायला लागलीया." आवाज चढलेला नव्हता. "माझी आई फ्रीजमध्ये डबीत हाय, आणि तुम्ही भिंती काढत हिंडालाय. तवाबी तेच, आत्ताबी तेच."

ते खरं होतं. रोल गुंडाळून डबीत घालून मी तो फ्रीजमध्ये दह्याच्या शेजारी ठेवला होता, आणि सराव लांबवत होतो. थोडा मजेमुळं, आणि बराचसा भीतीमुळं. डबी बंद होती तोवर सासूबाई आत होत्या. डबी उघडली की त्या असतील किंवा नसतील, आणि नसल्या तर ते मीच केलेलं असेल, गॅलरीत उभं राहून.

"रविवारी," मी म्हणालो.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी बाथरूमची झडप ताडपत्रीनं बंद केली. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. वर खबरदारी म्हणून डोक्यावरून वाकळ घेतली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. मांडीवर चकती, डबा, कात्री, रोल. दाराबाहेर बायको खुर्ची टाकून बसली, कारण आमच्या बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेर आहे, आणि येणारा-जाणारा सवयीनं ते दाबतो. बल्बच काढून ठेवावा हे मला सुचलं नाही. नंतर ज्याला ज्याला हे सांगितलं त्यानं पहिल्यांदा तेच विचारलं.

नव्या रोलची पट्टी मऊ असते. ही इतकी वर्षं गुंडाळून राहिलेली, जिद्दीला पेटलेली. चकतीत टोक घालावं तर ती सुटून परत गुंडाळून बसायची. वाकळीखाली घामानं बोटं ओली झाली. ओलं बोट लागलं की पट्टी चिकटणार, आणि चिकटली की डाग. मी बोटं बनियनला पुसत होतो.

"झालं का?" बाहेरून.

"बोलू नकोस."

"मी काय हात लावालोय काय तुमच्या रोलला?"

शेवटी टोक बसलं. हळूहळू चकती फिरवू लागलो. एक वेढा, दुसरा, आणि मध्येच अडकली. जोर लावला तर मोडेल. मागं घेतली तर पहिल्यापासून. मी डोळे गच्च मिटले. अंधारात डोळे मिटून काय मिळतं ते देवाला ठाऊक.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माझ्या मेव्हण्याचा. त्याचा आवाज वडगावात निघाला तरी बावड्यात ऐकू येतो. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आला होता. "आक्का! काय गं, अशी दारात खुर्ची टाकून? दाजी कुठायत?" आणि मग तो जे बोलला ते ऐकून मी वाकळीखाली चकतीवर ओणवा झालो. "थांब, पाय धुतो आधी. लई धूळ हाय रस्त्याला."

बाहेरून आला की पाय धुतल्याशिवाय तो घरात बसत नाही. सासूबाईंची शिस्त. आणि पाय धुवायला दार उघडायच्या आधी हात आपोआप बटणाकडं जातो.

"हात लावशील तर बघ, मुडद्या!"

खुर्ची पडली. काहीतरी धपकन भिंतीवर आपटलं. नंतर कळलं की तो तिचा हात होता, बटणावर तळवा दाबून धरलेला, आणि दुसऱ्या हातानं तिनं भावाचं मनगट पिरगाळलं होतं.

"अगं, याड लागलं काय तुला? दाजी! आत काय करालाय?"

"आई हाय आत!" बायको ओरडली.

यावर बाहेर जी शांतता पसरली तिच्यात पट्टी सुटली. कशी ते मला आजही सांगता येणार नाही. बोटांखाली अडकलेली कड जराशी सरकली, आणि चकती फिरू लागली. वेढ्यामागून वेढा, शेवटपर्यंत. चकती डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं आणि दार उघडलं. बहीण-भाऊ दोघंही माझ्याकडं बघत होते. मी घामानं निथळत होतो, वाकळ अजून डोक्यावर होती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्हास्नी जरा विश्रांतीची गरज हाय."

डबा बंद झाल्यावर पुढचं काम उजेडात होतं. माठातल्या पाण्यानं औषध गार केलं, बायकोनं मोबाइलवर वेळ लावली, मी डबा उलटासुलटा करत राहिलो. मेव्हणा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर न धुतल्या पायांनी बसून होता. सगळं ऐकल्यावर पाय धुवायचं तो विसरलाच होता. औषध ओतलं, दुसरं घातलं, तेही ओतलं. मग झाकण काढलं, आणि पट्टी खिडकीशी धरली.

शेवटचं टोक काळं ठिक्कर. काहीच नाही. त्यानंतरचंही काळं. त्यानंतर काळ्यातून कुठंतरी ओळी दिसायला लागल्या, गोल गोल काहीतरी.

"शेणी," मी म्हणालो.

"किती हायत?"

मी मोजलं नाही. पट्टी खाली खाली सरकवत गेलो. शेणी, शेणी, तिरप्या शेणी, जवळून एकच शेणी. वेडा होतो मी, पुरेसा वेडा होतो. आणि मग एका चौकोनात अर्ध्या बाजूनं उजेड शिरलेला, आणि उरलेल्या अर्ध्यात एक बाई उकिडवी बसलेली. मागं झुकलेली. पदराचं टोक तोंडावर दाबलेलं, सवयीनं, पण डोळे लपवायचे राहिलेले. बंद झालेले, कडांना सुरकुत्या पडलेले डोळे.

रोलवर सगळं उलटं दिसतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. सासूबाईंचे पिकलेले केस काळेभोर झाले होते.

बायकोनं पट्टी माझ्या हातातून घेतली नाही. माझा हातच मनगटाला धरून तिनं स्वतःच्या डोळ्यांजवळ नेला. "तरणी दिसालीया," ती म्हणाली. तिनं मनगट सोडलं नाही, आणि माझा हात अवघडला तरी मी तो हलवला नाही.

मेव्हणाही बघायला आला. त्यानं मान तिरपी केली, डोळा बारीक केला. "आईच हाय," तो म्हणाला. त्याचा तो मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. नंतर नाक ओढून म्हणाला, "पर दाजी, हार कसा घालायचा ह्येला? तोंड झाकलंय, वर हसालीया. लोक काय म्हणतील, वास्तुशांतीला?"

हॉलमध्ये मतदान कार्डाचाच फोटो लागला. ते ठीकच झालं. पाहुण्यांकडं तसंच बघायला हवं. आमचा फोटो मी मोबाइलवर सुलटा करून छापून आणला. म्हशीच्या बाजूनं उजेड शिरल्यामुळं काळी म्हैस अर्धी पांढरी झाली आहे, आणि पोरीचं टक्कल म्हशीच्या जिभेसकट उजेडात गेलं आहे. पुण्याहून पोरीनं व्हिडिओ कॉलवर बघितलं. "पप्पा, मी कुठाय?" "उजेडात गेलीस." "चालतंय," ती म्हणाली, "आज्जी हाय न्हवं."

तो फोटो आता आमच्या स्वयंपाकघरात आहे, मिसळणाच्या डब्याच्या वर, बिनहाराचा. तो लावून झाल्यावर बायकोनं उरलेली पट्टी परत मागून घेतली आणि खिडकीशी उभी राहून काळ्या टोकाकडची चित्रं बघत बसली, जिथं ओळी जेमतेम कळतात. मी म्हणालो, त्या नुसत्या भिंती आहेत, जळालेल्या.

"व्हय," ती म्हणाली. "शेणी आईनंच थापल्याल्या. बोटं तिचीच हायत."

हे मी तेव्हा इतक्या जवळून बघितलं होतं आणि बघितलं नव्हतं. मी कॅमेरा उचलला. चौथा रोल अजून आत तसाच होता. ती खिडकीत उभी, पट्टी उजेडाला धरलेली, कपाळाला आठी, तिरपं ऊन गालावर. मी एक डोळा मिटला. तिला खटक्याचा आवाज ऐकू आला. तिनं वळून बघितलं नाही, पदरही घेतला नाही.

"काढलासा?"

"हो."

"मग मी हाय तवरच धुवा."